माइनक्राफ्टचा खासगी सर्व्हर क्लाउडवर: हवा तेव्हाच चालू, हव्या त्यांनाच खुला

घरच्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टचा सर्व्हर सुरू करणं फार अवघड नाही. पण भारतात बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. बऱ्याच इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात. त्याला सीजीनॅट म्हणतात. अशा जोडणीवर राउटरमध्ये कितीही पोर्ट, म्हणजे जोडणीचे दरवाजे, उघडा, बाहेरचा मित्र तुमच्या घरापर्यंत पोहोचतच नाही. त्यात वीज गेली की खेळ संपला. म्हणून क्लाउडवर भाड्याचं मशीन.

इथे अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस, म्हणजे एडब्ल्यूएसचा मुंबई विभाग, उबुंटू २४.०४ आणि माइनक्राफ्टची जावा एडिशन धरली आहे. कमांड, फाइली आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. मित्रमंडळींचा सर्व्हर दिवसातून तीन-चार तास वापरला जातो, मग तो चोवीस तास कशाला चालवायचा? पुढची सगळी मांडणी याच हिशेबावर उभी आहे.

मशीन निवडताना

माइनक्राफ्टच्या जगाचं बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं. सर्व्हर सेकंदाला २० टिक (जग पुढे सरकवण्याच्या फेऱ्या) करतो, म्हणजे एका टिकसाठी ५० मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम आटोपलं नाही की लॅग, म्हणजे अडखळणं, सुरू. त्यामुळे आठ मंद कोअरपेक्षा दोन वेगवान कोअर केव्हाही बरे. मोफत म्हणून मिळणाऱ्या १ जीबी रॅमच्या मशीनच्या नादी लागू नका. त्यावर सर्व्हर सुरू होतो, पण दोघं जण दोन दिशांना पळाले की कोसळतो.

पाच-सहा जणांसाठी टी४जी.मीडियम पुरतं: २ कोअर, ४ जीबी रॅम. दहाच्या आसपास खेळाडू असतील किंवा प्लगइन (सर्व्हरला जोडायचे छोटे प्रोग्राम) बरेच असतील तर ८ जीबीचं टी४जी.लार्ज घ्या. ही मशीन आर्म प्रोसेसरची आहेत, पण जावाला त्याने फरक पडत नाही. उबुंटू निवडताना मात्र ६४-बिट आर्मचीच प्रत घ्यावी लागते.

टी मालिकेत सीपीयू क्रेडिटचा हिशेब असतो. एक क्रेडिट म्हणजे एक कोअर पूर्ण क्षमतेने एक मिनिट. टी४जी.मीडियमला तासाला २४ क्रेडिट मिळतात. सर्व्हरने एक कोअर सरासरी ६० टक्के वापरला तर तासाला ३६ खर्च होतात, म्हणजे १२ ची तूट. ही मशीन मुळातच 'अनलिमिटेड' पद्धतीत सुरू होतात, त्यामुळे वेग कमी होत नाही, तूट बिलात येते. दर आहे एका कोअर-तासाला ०.०४ डॉलर. रोज चार तास खेळलं तर ४८ क्रेडिट, म्हणजे ०.८ कोअर-तास, म्हणजे महिन्याला साधारण एक डॉलर. हे परवडतं. पण तेच मशीन चोवीस तास चालू ठेवून त्यावर मोठी फार्म (गेममधलं आपोआप माल देणारं बांधकाम) चालवली, तर हा जादा आकार मशीनच्या भाड्याला जाऊन भिडतो. तेव्हा सी७जीसारखं बिनक्रेडिटचं मशीन घेणं शहाणपणाचं.

विभाग कुठला? मंडळी पुणे, नाशिक, पणजी, नागपूर अशी पसरलेली असतील तर मुंबईच. एखादा भाऊ न्यू जर्सीत असेल तर त्याला दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) मिळेल. बांधकाम, खाणकाम, शेती यांत ते खपून जातं, पण एकमेकांशी तलवारबाजी करायची असेल तर तो रोज हरणार. एडब्ल्यूएसच्या कन्सोलच्या, म्हणजे नियंत्रणाच्या वेबपानाच्या, वर उजव्या कोपऱ्यात विभागाचं नाव असतं, ते मशीन बनवण्याआधी बघून घ्या. 'माझं मशीन गायब झालं' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते दुसऱ्याच विभागात बनवलेलं असतं.

मशीन उभं करणं

ईसी२ मध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या भाड्याच्या मशीनच्या सेवेत, 'लाँच इन्स्टन्स' वर जा. उबुंटू २४.०४, टी४जी.मीडियम, आणि डिस्क जीपी३ प्रकारची २० जीबी. आपोआप येणारी ८ जीबी जग आणि बॅकअप दोन्हींना पुरत नाही. नवी की-पेअर, म्हणजे मशीनमध्ये शिरायची किल्ली, बनवा. तिची पेम फाइल एकदाच डाउनलोड होते, ती दोन ठिकाणी जपून ठेवा.

सिक्युरिटी ग्रुप म्हणजे मशीनसमोरचा फायरवॉल. त्यात दोनच नियम हवेत: एसएसएचसाठी (दुरून मशीनला कमांड देण्याची वाट) टीसीपी २२, फक्त 'माय आयपी' साठी, आणि खेळासाठी टीसीपी २५५६५, सगळ्यांसाठी. खेळाचं पोर्टही मित्रांच्या आयपीपुरतं मर्यादित ठेवावंसं वाटेल, पण मोबाइल डेटावरचे पत्ते सतत बदलतात. रोज कोणी ना कोणी बाहेर अडकेल. तो बंदोबस्त व्हाइटलिस्टने, म्हणजे परवानगी असलेल्या खेळाडूंच्या यादीने, करायचा. तुमच्या घरचा पत्ताही अधूनमधून बदलेल आणि एसएसएच लागेनासं होईल. तेव्हा नियमात जाऊन 'माय आयपी' पुन्हा निवडायचं.

'अ‍ॅडव्हान्स्ड डिटेल्स' मधल्या एका सेटिंगकडे दुर्लक्ष करू नका. 'शटडाउन बिहेवियर' हे 'स्टॉप' असायला हवं. चुकून 'टर्मिनेट' राहिलं आणि मशीनने स्वतःला बंद केलं, तर मशीन कायमचं पुसलं जातं. टर्मिनेशन प्रोटेक्शन लावलं असलं तरी या प्रकारात ते वाचवत नाही. जोडीला डिस्कच्या सेटिंगमध्ये 'डिलीट ऑन टर्मिनेशन' ला 'नो' करून टाका.

सर्व्हर बसवणं

एसएसएचने 'उबुंटू' या नावाने आत शिरा. पेम फाइलच्या परवानग्या सैल आहेत अशी तक्रार आली तर लिनक्स किंवा मॅकवर तिला 'सीएचमॉड ४००' करा. विंडोजवर फाइलच्या सिक्युरिटी टॅबमधून तुमच्याशिवाय बाकी सगळी नावं काढा.

'ॲप्ट अपडेट' आणि 'ॲप्ट अपग्रेड' झाल्यावर 'ओपनजेडीके-२१-जेआरई-हेडलेस' हे पॅकेज बसवा. माइनक्राफ्ट १.२०.५ पासून जावा २१ लागते. त्याहून बऱ्याच नव्या आवृत्तीसाठी कुठली जावा हवी ते सर्व्हरच्या डाउनलोड पानावर बघा. जावा जुनी असेल तर सुरू होता होता 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' अशी चूक येते, आणि लोक उगाच जार फाइल पुन्हा पुन्हा उतरवत बसतात.

'माइनक्राफ्ट' नावाचा वेगळा वापरकर्ता बनवा आणि सगळं त्याच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून सर्व्हर चालवायचा नाही. एखाद्या प्लगइनमध्ये खोट निघाली तर अख्खं मशीन परक्याच्या हातात जातं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली मोठी त्रुटी उघड झाली, तेव्हा गेमच्या चॅटमधून एक ओळ पाठवून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. जुन्या मॉडपॅकसाठी १.१८.१ च्या आधीची आवृत्ती वापरणार असाल तर त्यावरची दुरुस्ती लावल्याशिवाय सर्व्हर सुरू करू नका.

माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगच्या मूळ सर्व्हरऐवजी पेपर नावाचा सर्व्हर वापरा. तोच खेळ, पण जास्त वेगवान, आणि प्लगइन चालतात. जार फाइल उतरवून एकदा चालवा. ती लगेच थांबेल आणि 'ईयूएलए' (वापराचा करार) नावाची टेक्स्ट फाइल तयार होईल. त्यात 'फॉल्स' चं 'ट्रू' करा आणि पुन्हा चालवा.

चालवताना जावाला किती मेमरी द्यायची? ४ जीबीच्या मशीनवर २५६० एमबी, ८ जीबीच्या मशीनवर साधारण ५५०० एमबी. 'एक्सएमएस' आणि 'एक्सएमएक्स' दोन्हीला एकच आकडा द्या. मशीन ४ जीबीचं आहे म्हणून जावालाही ४ जीबी दिली, तर घात होतो. हा आकडा फक्त हीपचा (जावाच्या डेटाच्या जागेचा) असतो, जावा त्याच्या बाहेरही काहीशे एमबी घेते आणि उबुंटूला त्याचं हवं असतं. मेमरी संपली की लिनक्स सर्वांत मोठ्या प्रोसेसचा गळा धरतो. गेमच्या लॉगमध्ये कसलीही चूक दिसत नाही, लॉग नुसता मध्येच तुटलेला असतो. असं झालं तर 'जर्नलसीटीएल' (मशीनचा लॉग दाखवणारी कमांड) मध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा.

दरवाजा बंद करणं

हे काम मित्रांना पत्ता देण्याआधी करायचं. संपूर्ण इंटरनेटवर २५५६५ पोर्ट तपासत फिरणारे बॉट आहेत. तुम्ही पत्ता कोणालाच दिला नाही तरी ते तुम्हाला शोधतात, आणि दार उघडं दिसलं की अनोळखी माणसं येऊन घरं जाळून जातात.

'सर्व्हर.प्रॉपर्टीज' फाइलमध्ये 'व्हाइट-लिस्ट' आणि 'एन्फोर्स-व्हाइटलिस्ट' दोन्ही 'ट्रू' करा. दुसऱ्या सेटिंगमुळे यादीतून काढलेला माणूस खेळत असला तरी लगेच बाहेर पडतो. मग सर्व्हर टर्मिनलवरून हाताने सुरू करून 'व्हाइटलिस्ट अ‍ॅड' आणि पुढे खेळाडूचं नाव, असं एकेक जण घाला. स्वतःला 'ऑप', म्हणजे व्यवस्थापकाचे अधिकार, द्या. त्यानंतर बाकीची सगळी कामं गेमच्या आतूनच करता येतात.

'ऑनलाइन-मोड' मात्र 'ट्रू' च राहू द्या. ग्रुपमध्ये कोणीतरी फुकटचा लाँचर वापरत असतो आणि ते बंद करायचा आग्रह धरतो. ते केलं की नाव खरं आहे का हे सर्व्हर तपासतच नाही. कोणीही तुमचं नाव घेऊन येईल आणि थेट ऑप होईल. व्हाइटलिस्ट तेव्हा फक्त नावांची यादी उरते.

मोबाइलवर खेळणाऱ्यांसाठी रीतसर वाट आहे. त्यांच्याकडे बेडरॉक एडिशन असते. गायझर आणि फ्लडगेट हे दोन प्लगइन टाकले की ते जावाच्या सर्व्हरवर येऊ शकतात. त्यासाठी १९१३२ पोर्ट उघडायचं, पण यूडीपीचं. टीसीपी उघडून 'जोडतच नाही' म्हणत बसण्याची चूक इथे सर्रास होते. या खेळाडूंच्या नावाच्या सुरुवातीला टिंब लागतं आणि त्यांना यादीत घालायला 'एफव्हाइटलिस्ट अ‍ॅड' वापरायचं.

लॅग कमी करणारे दोन आकडे

'व्ह्यू-डिस्टन्स' आपोआप १० असतं. म्हणजे प्रत्येक खेळाडूभोवती २१ गुणिले २१, अर्थात ४४१ चंक (जगाचे चौकोनी तुकडे). ते ६ केलं की १३ गुणिले १३, म्हणजे १६९. काम एका फटक्यात निम्म्याहून कमी होतं आणि डोळ्यांना फारसं जाणवत नाही. 'सिम्युलेशन-डिस्टन्स' ५ ठेवा. मोठी फार्म लांबून चालू राहायला हवी असेल तरच वाढवा.

खरा ताण येतो नवं जग तयार होताना. कोणी एलिट्रा हे पंख लावून उडत सुटला की सर्व्हर 'कान्ट कीप अप' म्हणू लागतो. त्यावर चंकी नावाचा प्लगइन आहे. मध्यापासून २५०० ब्लॉकपर्यंतचं जग आधीच बनवून ठेवा आणि 'वर्ल्डबॉर्डर' ५००० वर लावा. हे जवळपास ९८ हजार चंकचं काम आहे, त्याला वेळ लागतो. त्या दिवसापुरतं मशीन बंद करून त्याचा प्रकार सी७जी.एक्सलार्ज करा, काम उरकलं की परत टी४जी. दोन्ही आर्मची असल्यामुळे डिस्क जशीच्या तशी चालते. इंटेलच्या प्रकारावर मात्र अशी उडी मारता येत नाही.

नक्की काय अडतंय ते 'एमएसपीटी' कमांड सांगते. तिचा आकडा ५० च्या खाली असेल आणि तरी मित्र लॅगची तक्रार करत असेल, तर दोष त्याच्या वाय-फायचा.

आपोआप सुरू, आपोआप बंद

सर्व्हर सिस्टमडीची, म्हणजे मशीनसोबत आपोआप सुरू होणारी, सेवा म्हणून चालवा. सेवेच्या फाइलमध्ये 'यूजर' ला माइनक्राफ्ट, 'वर्किंग डिरेक्टरी' ला सर्व्हरचं फोल्डर, 'रीस्टार्ट' ला 'ऑन-फेल्युअर' आणि 'सक्सेस एक्झिट स्टेटस' ला १४३ द्या. जावा नीट बंद झाली तरी १४३ हा आकडा परत देते आणि सिस्टमडी त्याला बिघाड समजतो, म्हणून ही शेवटची ओळ. 'एक्झेकस्टार्ट' मध्ये जावाचा पूर्ण पत्ता लिहा. सेवा '२०३' म्हणून पडली तर त्या पत्त्यात किंवा स्क्रिप्टच्या परवानगीत चूक आहे. 'सेशन.लॉक' उघडता येत नाही अशी तक्रार आली, तर काही फाइली सुडोने (रूटच्या अधिकाराने) बनवल्यामुळे रूटच्या मालकीच्या झाल्या आहेत. अख्ख्या फोल्डरला 'सीएचओन -आर' लावा.

आता बंद करणं. दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) रूटची एक छोटी स्क्रिप्ट चालवायची. ती 'एसएस' कमांडने २५५६५ वरच्या चालू जोडण्या मोजते. शून्य असतील तर 'रन' फोल्डरमधल्या एका फाइलीतला आकडा एकने वाढवते, कोणी असेल तर तो पुन्हा शून्य करते. आकडा ४ झाला, म्हणजे वीसेक मिनिटं कोणी नाही, की 'शटडाउन -एच नाउ'. 'रन' फोल्डर मेमरीत असल्याने मशीन नव्याने सुरू झालं की आकडा आपोआप पुसला जातो आणि पहिल्या खेळाडूला यायला पूर्ण वेळ मिळतो. स्क्रिप्टमध्ये २२ पोर्टही मोजा, नाहीतर तुम्ही दुरुस्ती करत असताना मशीन पायाखालून निघून जाईल. बेडरॉकवाल्यांची काळजी नको, गायझर त्यांना आतल्या आत २५५६५ वरच जोडतं. मात्र त्याच्या सेटिंगमधलं 'डायरेक्ट कनेक्शन' बंद करा, नाहीतर ती जोडणी मोजली जात नाही.

शटडाउनच्या वेळी सर्व्हर जग जतन करूनच थांबतो, त्यामुळे खेळलेलं वाया जात नाही.

सुरू करण्यासाठी मित्रांना तुमच्या खात्याचा पासवर्ड देऊ नका. एडब्ल्यूएसच्या लॅम्ब्डामध्ये, जिथे मशीन न घेता कोड चालतो, पायथनचं एक फंक्शन बनवा: दुव्यात ठरवलेला गुप्त शब्द असेल तरच बोटो३ या पायथन लायब्ररीमधलं 'स्टार्ट इन्स्टन्सेस' बोलवायचं, एवढंच. त्याच्या रोलला (परवानग्यांच्या संचाला) फक्त या एका मशीनसाठी 'स्टार्ट' ची परवानगी द्या. फंक्शन यूआरएल चालू करून तो दुवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. फंक्शनला व्हीपीसीमध्ये (खासगी नेटवर्कमध्ये) टाकू नका, तिथून त्याला बाहेरची वाट नसते आणि ते नुसतं लटकतं. दुवा दाबल्यापासून खेळ सुरू व्हायला दोनेक मिनिटं लागतात. मशीन नुकतंच बंद होत असेल तर चूक येईल. मिनिटभर थांबून पुन्हा दाबायचं.

मशीन दर वेळी नवा आयपी घेऊन उठतं. इलॅस्टिक आयपी घेतला तर पत्ता कायम राहतो, पण मशीन बंद असतानाही त्याचे तासाला ०.००५ डॉलर लागतात, महिन्याला ३.६५ डॉलर. त्याऐवजी डकडीएनएसवर मोफत नाव घ्या आणि मशीन सुरू होताना 'कर्ल' ने त्यांचा अपडेटचा दुवा उघडणारी सेवा लावा. आयपीचा रकाना रिकामा ठेवला की ते पत्ता स्वतः ओळखतात. चार तासांच्या खेळाला आयपीचा खर्च महिन्याला ६० सेंटवर येतो.

बॅकअप

सर्व्हर चालू असताना फोल्डरची नक्कल घेतली तर अर्धवट लिहिलेल्या फाइली हाती लागतात. म्हणून सेवेच्या 'एक्झेकस्टार्टप्री' मध्ये, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधी, जगाचं 'टार', म्हणजे एका फाइलीतलं गाठोडं, बनवा. तेव्हा जग शांत असतं. फाइलच्या नावात तारीख-वेळ घाला, म्हणजे बिघडलेलं जग चांगल्या प्रतीवर लिहिलं जाणार नाही. चौदा दिवसांपेक्षा जुन्या प्रती 'फाइंड' ने उडवा. हे सगळं वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवा, कारण सेवेच्या फाइलमध्ये टक्क्याच्या चिन्हाला वेगळा अर्थ आहे. 'टाइमआउट स्टार्ट सेक' ६०० करा. मूळ ९० सेकंदांत मोठ्या जगाचं टार पुरं होत नाही आणि सेवा सुरूच होत नाही.

या प्रती त्याच डिस्कवर आहेत, तेव्हा आठवड्यातून एकदा विनएससीपी या फाइली उतरवण्याच्या प्रोग्रामने एक प्रत घरी उतरवा. शिवाय एडब्ल्यूएसच्या डेटा लाइफसायकल मॅनेजरमधून डिस्कचा रोजचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची नक्कल) लावा. तिथली वेळ यूटीसीमध्ये (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असते: आपल्या पहाटे ४ साठी २२:३० लिहायचं.

मित्र म्हणतो, लागत नाही

'कनेक्शन टाइम्ड आउट' आलं तर मशीन बंद आहे, पत्ता जुना आहे किंवा सिक्युरिटी ग्रुपचा नियम चुकला आहे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर मशीन जागं आहे पण सर्व्हर अजून उठलेला नाही. मिनिटभराने पुन्हा प्रयत्न करा. 'आउटडेटेड' दिसलं तर मित्राची आवृत्ती वेगळी आहे, लाँचरमध्ये तीच निवडायला सांगा. 'पिंग' ला उत्तर मिळत नाही यावरून काही ठरवू नका, आपण सिक्युरिटी ग्रुपमध्ये त्याला वाटच दिलेली नाही.

बिल

मशीन बंद असतानाही डिस्क आणि स्नॅपशॉटचे पैसे लागतात, ते थोडे असतात. बाहेर जाणारा पहिला १०० जीबी डेटा दर महिन्याला मोफत आहे. पाच जण रोज चार तास खेळले आणि माणशी ताशी १५० एमबी धरले तरी ९० जीबी होतात. दाखवलेल्या दरांवर १८ टक्के जीएसटी वेगळा. खातं उघडल्याच दिवशी 'बजेट्स' मध्ये १० डॉलरची सूचना लावा, आणि तिचा पहिला टप्पा ५० टक्क्यांवर ठेवा. सूचना फक्त ईमेल पाठवते, मशीन थांबवत नाही. ती महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात आली तर आधी क्रॉनची स्क्रिप्ट चालते आहे का ते बघा.